दुकान दिसतं ते आणि दुकान चालतं ते

हरमलची मिरची, सावई-वेरे आणि केरीच्या कुळागरांतली मिरी नि जायफळं, आमसुलं, तिरफळं, काजूगर, जत्रेतलं खाजं, डिचोलीच्या कुंभारांची मातीची भांडी. फोंडा, डिचोली आणि पेडणे या तीन तालुक्यांतला हा माल पिढ्यानपिढ्या देवळांच्या जत्रांत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि पावसाआधीच्या पुरुमेंताच्या खरेदीत खपत आला आहे; सुपारी-काजूला फोंड्याच्या गोवा बागायतदार संस्थेसारखा सहकाराचा आधार मिळाला. आता याच मालाला पुण्या-मुंबईहून मागणी येते आणि घरातलं कॉलेजात जाणारं कुणीतरी सुचवतं, की वेबसाइट काढू आणि तिच्यावर दुकान टाकू. सल्ला बरोबर आहे. वर्डप्रेस बसवलं, त्यात वू-कॉमर्स हे दुकानाचं प्लगइन चढवलं, दोन-चार फोटो लावले, की तासाभरात दुकान दिसायला लागतं. पण दिसणारं दुकान आणि चालणारं दुकान यांत अंतर आहे. भाव किती, कर किती, कुठल्या पिनकोडला किती वाहणावळ, कुठला माल कधी मिळेल, हे दुकानाचे नियम. ते पानाच्या देखाव्यापासून वेगळे आणि आपल्या हातात राहिले, तरच दुकान आपलं राहतं. प्लगइन निवडताना, लिहून घेताना आणि बसवताना सगळा वेळ-पैसा या नियमांवर खर्च व्हायला हवा. प्रत्यक्षात तो रंग आणि बॅनरवर होतो.

आधी थोडी ओळख. वर्डप्रेस २००३ साली निघालं आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात. ६ डिसेंबर २०१८ रोजी आलेल्या ५.० आवृत्तीपासून त्यात लिहिण्याची रीत बदलली. पूर्वी पान म्हणजे एक सलग मजकूर असे. आता परिच्छेद, चित्र, तक्ता, बटण असा प्रत्येक भाग स्वतंत्र ब्लॉक असतो आणि माऊसने ओढून वर-खाली करता येतो. या संपादकाला मुद्रणाच्या जनकाचं, गुटेनबर्गचं नाव दिलं गेलं. (हलत्या खिळ्यांचा छापखाना भारतात पहिल्यांदा उतरला तो १५५६ साली गोव्यातच, तेव्हा या नावाशी गोंयकारांची तशी जुनीच ओळख.) प्लगइन म्हणजे मूळ वर्डप्रेसला हात न लावता त्यात जादा काम जोडणारी फाइलींची जुडी. वू-कॉमर्स हे अशांपैकी सर्वांत जास्त वापरलं जाणारं दुकानाचं प्लगइन. वू-थीम्स या कंपनीने ते २०११ मध्ये काढलं आणि २०१५ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीने वू-थीम्स विकत घेतली. मूळ प्लगइन फुकट आहे, त्याचा कोड कुणीही वाचू शकतं, बदलू शकतं. या क्षेत्रात मराठी मुलखाचा हातही मोठा आहे. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्सची 'अस्त्रा' ही थीम, म्हणजे साइटच्या देखाव्याचा साचा, दहा लाखांहून अधिक वेबसाइटांवर आहे आणि 'स्पेक्ट्रा' हा ब्लॉकांचा संचही त्याच कंपनीचा.

देखावा आणि नियम यांतला फरक ब्लॉकच्या पोटात शिरल्याशिवाय कळत नाही. ब्लॉक दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत जे लिहाल ते जसंच्या तसं त्या पानाच्या मजकुरात साठवलं जातं. परिच्छेदाच्या ब्लॉकमध्ये 'हरमल मिरची, पाव किलो, २१० रुपये' असं टंकलं, की तो आकडा त्या पानाला चिकटला. दुसऱ्या जातीचा ब्लॉक पानात फक्त 'अमुक क्रमांकाचं उत्पादन इथे दाखव' एवढी खूण ठेवतो. ग्राहकाने पान उघडलं, की सर्व्हर त्या क्षणी डेटाबेसमधला भाव वाचून पान रचतो. आता भाव २४० झाला असं समजा. दुसऱ्या जातीचा ब्लॉक वापरणाऱ्याने उत्पादनाच्या नोंदीत एकदा आकडा बदलला, की मुखपृष्ठ, मसाल्यांची यादी, चतुर्थीची खास पेटी, सगळीकडे तो बदलतो. पहिल्या जातीवाल्याला पानंपानं धुंडाळावी लागतात. एक पान सुटतंच, आणि ग्राहक नेमका त्याच पानाचा स्क्रीनशॉट पाठवतो. प्लगइन काढलं तरी हाच फरक पुढे येतो. वू-कॉमर्स बंद केलं की त्याचे ब्लॉक पानावरून गळतात, मात्र उत्पादनं, भाव आणि ऑर्डरी डेटाबेसमध्ये तशाच राहतात. मुद्दाम सगळं पुसण्याची सूचना दिल्याशिवाय त्या जात नाहीत.

बसवण्याचं काम स्वतः फार मोठं नाही. 'नवीन प्लगइन'वर जाऊन नाव शोधायचं, किंवा झिप फाइल चढवायची, आणि 'सक्रिय करा' दाबायचं. त्या एका टिचकीत पडद्यामागे डेटाबेसमध्ये नवे तक्ते बनतात आणि दुकान, कार्ट, चेकआउट, माझं खातं अशी चार पानं आपोआप उभी राहतात. खरं काम पुढे आहे आणि ते कंटाळवाणं आहे, म्हणूनच टाळलं जातं. वाहणावळीचंच पाहा. वू-कॉमर्समध्ये त्यासाठी विभाग आखायचे असतात. गोव्याचे सगळे पिनकोड ४०३ ने सुरू होतात, फोंड्याचा ४०३४०१. त्यामुळे विभागात '४०३' लिहून पुढे फुली (*) टाकली, की पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळा गोवा एका दरात बसतो. पेडण्याच्या विक्रेत्याला मात्र सावंतवाडी मडगावहून जवळ पडते. तिचा पिनकोड ४१६५१०; म्हणून दोडामार्ग-बांदा-सावंतवाडीसाठी वेगळा, स्वस्त विभाग त्याला हवा असतो. तो त्याने आखला आणि 'महाराष्ट्र' या विभागाच्या खाली ठेवला, तर काय होईल? प्रणाली यादी वरून खाली वाचते आणि पहिला जुळणारा विभाग धरते. सावंतवाडी महाराष्ट्रातच, तेव्हा तिथल्या गिऱ्हाइकाला नागपूरचाच दर लागेल. पडद्यावर कुठलीही चूक दिसणार नाही. फक्त सावंतवाडीकर वाहणावळ बघून कार्ट सोडून जातील आणि दुकानदाराला वाटेल, की तिकडे मागणीच नाही.

कराचं याहून नाजूक. सुक्या मिरचीवर सध्या ५ टक्के जीएसटी आहे. मालही गोव्यात आणि गिऱ्हाईकही गोव्यात असेल तर त्याचे दोन भाग होतात, अडीच टक्के केंद्राचे, अडीच राज्याचे. माल हद्दीपलीकडे गेला तर सगळे पाच टक्के आयजीएसटी. कर धरून २१० रुपयांची पुडी असेल, तर पणजीच्या बिलात २०० अधिक ५ अधिक ५ दिसायला हवेत आणि बांद्याच्या बिलात २०० अधिक १०. वू-कॉमर्सच्या करतक्त्यात यासाठी गोव्याच्या दोन ओळी भराव्या लागतात आणि प्रत्येक ओळीला प्राधान्याचा क्रमांक द्यावा लागतो. एका प्राधान्यातली एकच ओळ लागू होते. दोन्ही ओळींना १ हाच क्रमांक राहिला, तर दुसरी ओळ गुपचूप गळते, बिलात अर्धाच कर धरला जातो आणि उरलेला अर्धा विवरणपत्र भरताना दुकानदाराच्या खिशातून जातो. दुसऱ्या ओळीला २ दिला की प्रश्न मिटला. इतकी छोटी गोष्ट, पण ती कुठल्याही आकर्षक थीममध्ये तयार मिळत नाही. आणि प्लगइन हेही सांगत नाही, की करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात मर्यादित सवलत आहे, मिरचीला नाही. पेडण्याच्या माणसाला बांद्याला मिरची पाठवताना परदेशी निर्यात केल्यासारखं वाटेल खरं, पण कायद्याच्या लेखी ते परराज्यच.

मग स्वतःचं प्लगइन लिहायची वेळ कधी येते? अधिकृत संग्रहात पन्नास हजारांहून अधिक प्लगइन फुकट पडलेली असताना नवं कशाला, हा आक्षेप रास्त आहे. दहांपैकी नऊ गरजांना तयार प्लगइन पुरतं आणि तेच घ्यावं. दहावी गरज इथल्या मातीतली असते. मानकुराद आंब्याचं घ्या, ज्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो वर्षातले मोजके आठवडे मिळतो. दरवर्षी कुणीतरी आठवणीने उत्पादन उघडायचं आणि पावसाच्या तोंडावर बंद करायचं. विसरलं, तर जुलैत मानकुरादच्या ऑर्डरी आणि त्यामागून पैसे परत करण्याची कटकट. यासाठी लिहायचं प्लगइन एका फाइलीत मावतं. फाइलीच्या माथ्यावर टिप्पणीत प्लगइनचं नाव आणि आवृत्ती लिहायची. वर्डप्रेस तेवढ्यावरून ते ओळखतं. २०२४ च्या एप्रिलपासून, म्हणजे ६.५ आवृत्तीपासून, 'याला आधी वू-कॉमर्स लागतं' अशी ओळही तिथे टाकता येते, मग मूळ दुकान नसताना ते सक्रियच होत नाही. त्याखाली एक फंक्शन: उत्पादन 'हंगामी' वर्गातलं आहे का आणि आजची तारीख त्याच्या हंगामात बसते का, हे तपासायचं, बसत नसेल तर 'विकत घेता येईल का' या वू-कॉमर्सच्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर द्यायचं. एवढंच. जाता जाता एक बारकावा: वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये वेळ कोलकात्याची, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ, ठेवावी. जागतिक प्रमाणवेळ राहिली, तर तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते आणि पहिल्या दिवशी मध्यरात्रीपासून ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकान बंदच दिसतं.

हे वीस-पंचवीस ओळींचं प्लगइन टिकाऊ का, हे कळायला २०२३ मध्ये काय घडलं ते पाहावं. त्या नोव्हेंबरात आलेल्या वू-कॉमर्सच्या ८.३ आवृत्तीपासून नव्या दुकानांत कार्ट आणि चेकआउटची पानंही ब्लॉकची झाली. तोवर चेकआउटवर काही जोडायचं, म्हणजे डिलिव्हरीची तारीख किंवा भेटीचा मजकूर विचारायचा, तर प्लगइनकार पानाच्या साच्यातल्या ठरावीक जागांना आपला कोड अडकवत. ब्लॉकच्या चेकआउटमध्ये त्या जागाच राहिल्या नाहीत. जुनी प्लगइन सक्रिय दिसत, त्रुटीचा संदेश नसे, फक्त त्यांचा रकाना पानावर उमटत नसे. त्याच्या महिनाभर आधी, ८.२ आवृत्तीपासून, नव्या दुकानांच्या ऑर्डरी वेगळ्या तक्त्यांत जाऊ लागल्या. थेट जुन्या तक्त्यांत हात घालणारी प्लगइन तिथेही अडली. उलट 'विकत घेता येईल का' हा प्रश्न देखाव्याच्या पातळीवरचा नाही. जुनं पान असो, ब्लॉक असो की उद्याचं मोबाईल ॲप असो, सर्व्हर माल कार्टमध्ये घेण्याआधी तो विचारतोच. नियम खाली, मालाच्या नोंदीपाशी बसवला, म्हणून वरचं पान बदललं तरी तो तगला. प्लगइन लिहून देणाऱ्याला, मग तो फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी असो की शहरातली कंपनी, दुकानदाराने विचारायचा पहिला प्रश्न हाच: हा नियम पानाला अडकवला आहे, की मालाच्या नोंदीला? उत्तर समजलं नाही तरी उत्तर देताना समोरचा किती घुटमळतो त्यावरून बरंच कळतं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. एवढी यातायात कशाला, मोठ्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर माल लावा किंवा व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घ्या. व्हॉट्सॲपबद्दल मी वाद घालणार नाही. आठवड्याला दहा-पंधरा ऑर्डरी असतील आणि गिऱ्हाइकं ओळखीची असतील, तर तेच उत्तम. त्या टप्प्यावर दुकान बांधणं हौस ठरेल. पण शिल्लक पाच पुड्या असताना सात जणांना 'हो' म्हटलं गेलं, की त्याची मर्यादा दिसते. मोठ्या बाजारपेठेत गर्दी तयार मिळते, हे खरं. पण तिथले नियम ती ठरवते: कमिशन, परतीची मुदत, शोधात कोण वर दिसेल. गिऱ्हाइकाचा पत्ता-फोनही तिच्याकडे राहतो. हरमलच्या मिरचीला आणि खाज्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्यांचं मूळ ठिकाण ओळखीचं व्हावं म्हणून. बाजारपेठेच्या पानावर हीच मिरची 'गोवन चिली' नावाच्या पन्नास पुड्यांत एक होऊन बसते आणि भावाच्या उतरंडीत तोलली जाते. नवं गिऱ्हाईक तिथे मिळवावं, हरकत नाही. दुसऱ्यांदा घेणाऱ्याला यायला मात्र आपलं दार असावं. भाड्याने मिळणाऱ्या तयार दुकानसेवाही आहेत. महिन्याचं भाडं देऊन देखभालीची चिंता मिटवणं हा समंजस पर्याय आहे, विशेषतः ज्याच्या घरात संगणकाशी झटापट करणारं कुणी नाही त्याच्यासाठी. फक्त भाडं थकलं की दुकान बंद होतं आणि हंगामासारखा इथला नियम त्यांच्या चौकटीत बसेलच असं नाही, हे धरून चालावं.

देखभालीचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. स्वतःचं दुकान म्हणजे कुलूपही स्वतःचं. वर्डप्रेसवर होणाऱ्या बहुतेक हल्ल्यांचा रस्ता मूळ वर्डप्रेसमधून जात नाही, प्लगइनमधून जातो. मार्च २०२३ मध्ये वू-कॉमर्सच्याच पैसे स्वीकारणाऱ्या पूरक प्लगइनमध्ये गंभीर छिद्र सापडलं. पासवर्ड न देता कुणीही प्रशासक बनून आत शिरू शकत होतं. दुरुस्ती लगेच निघाली आणि असंख्य साइटांवर आपोआप पोहोचवलीही गेली. तरी त्याच जुलैत हल्ल्यांची लाट आली आणि जुनी आवृत्ती वागवणारे तिचं लक्ष्य झाले. यातून 'आपलं दुकान नकोच' असा निष्कर्ष काढणारे काढतात. मला यातून प्लगइनची संख्या कमी ठेवण्याची गरज दिसते. उडत्या बर्फाच्या कणांसाठी एक, फिरत्या बॅनरसाठी एक, भेटींचा आकडा दाखवायला एक, अशी वीस प्लगइन चढवणारा प्रत्येकाबरोबर एक खिडकी उघडी ठेवत असतो. तसंच, पैशाच्या व्यवहारात आपण मधे पडायचंच नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने विक्रेत्याला ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही, आणि ते बरंच झालं. पेमेंट गेटवेच्या अधिकृत प्लगइनने गिऱ्हाइकाला त्यांच्या पानावर नेऊन आणावं. आपल्याकडे फक्त 'पैसे आले' एवढा निरोप यावा. बहुतेक छोट्या ऑर्डरी यूपीआयनेच येतात, त्यामुळे इथे वेगळं काही लिहायची गरजही पडत नाही.

मराठीचा एक व्यवहारी मुद्दा राहतो. वर्डप्रेसचं मराठी भाषांतर उपलब्ध आहे आणि पेडणे-डिचोलीतल्या मराठी शाळांत शिकलेल्या माणसाला आपलं दुकान मराठीतून चालवता येतं. पण उत्पादनाचं नाव देवनागरीत लिहिलं, की त्याच्या पानाचा पत्ताही देवनागरीत बनतो, आणि तो कॉपी करून पाठवला की अनेकदा टक्क्याच्या खुणांची हातभर लांब शेपटी होऊन समोर येते. लोक अशा दुव्याला बिचकतात. म्हणून नाव खुशाल 'आमसुलं' ठेवावं, पण पत्त्याच्या रकान्यात रोमन अक्षरं द्यावीत. वर्डप्रेसमध्ये दोन्ही स्वतंत्रपणे भरता येतात. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-व्यापार नियमही नीट वाचावेत. विक्रेत्याचं नाव, पत्ता, तक्रार ऐकणाऱ्याचं नाव आणि परतीच्या अटी दुकानावर ठळक असाव्या लागतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. हा मजकूर मात्र साध्या परिच्छेद-ब्लॉकमध्ये टंकला तरी चालतो, कारण तो रोज बदलत नाही.

दुकान खुलं करण्याआधी एक संध्याकाळ चाचणीला द्यावी. एक ऑर्डर फोंड्याच्या पत्त्यावर, एक सावंतवाडीच्या, एक नागपूरच्या. तिन्ही बिलांतला कर आणि वाहणावळ कागदावर हिशेब मांडून ताडून पाहावी. मग हंगामाबाहेरची तारीख टाकून मानकुराद कार्टमध्ये जातो का ते बघावं, एकदा संगणकावरून आणि एकदा मोबाईलवरून. शेवटी उत्पादनांची यादी सीएसव्ही फाइलीत उतरवून घ्यावी, रिकाम्या दुसऱ्या साइटवर चढवावी आणि भाव, वजन, वर्ग जसेच्या तसे आले का पाहावं. हे जमलं, तर उद्या प्लगइन बदलायचं ठरवलं किंवा होस्टिंगवाल्याशी बिनसलं, तरी माल उचलून दुसरीकडे मांडता येतो. जमलं नाही, तर कुठला रकाना गळला ते दुकान खुलं होण्याआधीच कळतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.